१.७ म्हणजे नापास? एका विद्यार्थी-देवाणघेवाणीचं प्रकरण

जून २०२५चा पहिला आठवडा, सकाळचे पावणेआठ. फोनवर डोंबिवलीहून आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील. आवाज शांत होता, त्यामुळे जास्तच धडकी भरली. "मॅडम, पोरगी सहा महिने जर्मनीत शिकून आली. काल रिझल्ट लागला. चारही पेपरांत केटी दिसतेय. तिथे हिने नक्की काय केलं, ते आता तुम्हीच सांगा."

तिने तिथे काय केलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. चार विषयांत तिला १.३, १.७, २.० आणि २.३ मिळाले होते. जर्मन पद्धतीत १.० हा सगळ्यात वरचा गुण, ४.०पर्यंत पास आणि ५.० म्हणजे नापास. आमच्या कॉलेजच्या निकालाच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा सगळ्यात वर आणि चारच्या खाली सगळे नापास. ऑपरेटरने ट्रान्सक्रिप्टवर दिसले ते आकडे जसेच्या तसे भरले. खरं तर तिथे १,७ असा स्वल्पविराम होता, कारण जर्मन लोक दशांशचिन्हाच्या जागी तोच वापरतात. तो त्याने स्वतःहून दुरुस्त करून टिंब दिलं. पुढचं काम सॉफ्टवेअरने चोख केलं. तिला तिथे सगळ्यात कमी पडलेला २.३ हा इथे तिचा सर्वांत चांगला गुण ठरला होता.

आमच्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कक्षाचं काम माझ्याकडे आहे. दुसऱ्या कॉलेजांतल्या सहकाऱ्यांचे फोन येतात, त्यात एकच मागणी असते: "तुमच्या कराराचा मसुदा पाठवा ना." मसुदा पाठवते मी. पण त्यांच्या उपयोगाचं जे आहे ते मसुद्यात नाही, म्हणून हे प्रकरण लिहून काढलं. कॉलेजचं, तिकडच्या विद्यापीठाचं आणि मुलांची नावं देत नाही. मुलांना त्यांच्या गावावरून, वस्तीवरून ओळखते, मुंबईत तशीही तीच पद्धत आहे.

कराराचा दिवस

कॉलेज मध्य मुंबईतलं, स्वायत्त. पदवी मुंबई विद्यापीठाची, पण अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल आमचे आम्ही करतो. विषय एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र. राइन नदीकाठच्या एका शहरातल्या सार्वजनिक विद्यापीठाशी जानेवारी २०२३मध्ये सामंजस्य करार झाला. दोन पाहुणे आले होते. त्यांना आदल्या दिवशी फोर्टात राजाबाई टॉवर दाखवला, विद्यापीठ १८५७चं आहे हे अभिमानाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाल, श्रीफळ, सह्या, फोटो. फोटो अजून प्राचार्यांच्या केबिनबाहेर आहे. त्यात मी डावीकडून तिसरी.

करार चार पानांचा. दरवर्षी दोघे इकडून, दोघे तिकडून, एका सत्रासाठी. प्रत्येकाने फी आपापल्या संस्थेत भरायची, यजमान विद्यापीठ शिकवणी शुल्क घेणार नाही. आणि तिसऱ्या पानावर एक वाक्य: मिळवलेल्या क्रेडिटना, म्हणजे अभ्यास मोजायच्या एककांना, प्रत्येक संस्था आपापल्या नियमांनुसार मान्यता देईल. त्या वेळी हे वाक्य मला फार समंजस वाटलं होतं. आमचे नियम काय आहेत हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की असे नियमच नव्हते.

शुल्कमाफीबद्दल एक गोष्ट सांगते, कारण पालकसभेत तिच्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडतात. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सार्वजनिक विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिकवणी शुल्क घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेंबर्गने २०१७पासून युरोपाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो लावले, तो एक अपवाद. म्हणजे जी फी मुळात नव्हती ती माफ झाली. जे द्यावं लागतं ते माफ होत नाही: सत्राचं अंशदान, आरोग्यविमा, राहणं, खाणं.

प्राचार्यांच्या डोक्यात आणखी एक घोळ होता आणि तो बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. यूजीसीने मे २०२२मध्ये ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवीचे नियम आणले. त्यात नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत स्थान, परदेशी विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारांत, अशा अटी आहेत. आमचा करार त्यातला कुठलाच नव्हता. साधी एका सत्राची देवाणघेवाण. पदवी इथलीच, गुणपत्रिकाही इथलीच. आणि म्हणूनच जास्त अवघड.

हे नीट समजायला जरा जुनं उदाहरण घेते. इरावती कर्वे १९२८ साली मुंबई विद्यापीठाच्या एम.ए. झाल्या आणि डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. एक पदवी संपली, दुसरी सुरू झाली. इथल्या कारकुनाला तिकडच्या कागदाकडे बघण्याची गरजच नव्हती. सत्राच्या देवाणघेवाणीत मात्र तिकडचा कागद इथल्या गुणपत्रिकेच्या मधोमध चिकटवायचा असतो. युरोपालासुद्धा हे एका दिवसात जमलेलं नाही. विद्यार्थ्यांना एकमेकांच्या देशांत शिकायला पाठवणारी इरॅस्मस योजना १९८७मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. क्रेडिट मोजायची सामाईक पद्धत १९८९मध्ये प्रायोगिक म्हणून आली, आणि पदव्यांचा सांगाडा जुळवणारा बोलोन्या जाहीरनामा थेट १९९९चा. आम्ही शाल-श्रीफळानंतर पावणेदोन वर्षांत पोरांना विमानात बसवलं.

परळचा मुलगा

मार्च २०२४मध्ये मुलाखती घेतल्या. पहिला क्रमांक परळच्या मुलाचा. वडील बेस्टमध्ये कंडक्टर. मुलाने काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनचे दोन टप्पे पूर्ण केलेले, तेही सकाळची नोकरी सांभाळून. दुसरी डोंबिवलीची मुलगी.

विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरून दाखवावा लागतो. तेव्हाचा दर महिना ९३४ युरो. सहा महिन्यांचे ५,६०४, म्हणजे रुपयांत पाच लाखांच्या वर. ते पैसे दर महिन्याला आपल्यालाच परत मिळतात, खर्च होत नाहीत असं मी त्याच्या वडिलांना समजावत होते. ते म्हणाले, "मॅडम, परत मिळतात हे बरोबर. पण आधी असायला पाहिजेत ना." बँकेत गेलो. शैक्षणिक कर्जासाठी त्यांना परदेशातल्या पदवीचं प्रवेशपत्र हवं होतं. सत्राच्या नॉमिनेशनचं पत्र त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसेना. जुलैत त्याने माघार घेतली, एका ओळीचा मेल: "मॅम, माझी जागा वेटिंगवालीला द्या, उशीर नको."

हा भाग प्रकरणाच्या मुख्य धाग्याला सोडून आहे असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आम्ही निवड गुणांवर केली आणि खरी चाळणी बँकेच्या काउंटरवर लागली, हे अहवालात कुठेच येत नाही. अहवालात "दोन विद्यार्थी रवाना" एवढंच आहे.

त्याच्या जागी पार्ल्याची मुलगी गेली. तिला व्हिसाची तारीख सप्टेंबरातली मिळाली, आणि १ सप्टेंबर २०२४पासून दर ९९२ युरो झाला. महिन्याला ५८ जास्त, सहा महिन्यांचे ३४८ युरो, बत्तीस हजार रुपयांच्या आसपास. तिच्या घरच्यांनी ते दोन दिवसांत भरले. तारीख चार आठवडे आधीची मिळाली असती तर वाचले असते एवढंच त्यांचं म्हणणं.

दोन कॅलेंडरं

जर्मनीत हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. हिवाळ्यात तासिका ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीत संपतात, मग परीक्षा. आमचं तिसरं सत्र जुलै ते नोव्हेंबर, परीक्षा डिसेंबरात. चौथं जानेवारी ते एप्रिल.

आता यावर बोट ठेवून बघा. मुलगी सप्टेंबरअखेर निघाली तेव्हा आमचं तिसरं सत्र निम्म्यावर आलेलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात परतली तेव्हा चौथं निम्म्यावर. त्यांच्या एका सत्राने आमची दोन सत्रं मधोमध कापली. हे करारावर सह्या करताना दोन्ही बाजूंच्या कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण कागदावर "एक सत्र" दोन्हीकडे एकच दिसतं.

उन्हाळी सत्राला पाठवलं तर काय? तिथल्या तासिका एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. इथे दुसऱ्या सत्राची परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीला उरकली आणि तिसरं सत्र थोडं उशिरा धरू दिलं, तर मुलाचं जवळजवळ काहीच बुडत नाही. आमची मे महिन्याची सुट्टी कामी येते. हे मला सुचलं डिसेंबरात, मुली राइनकाठी थंडीत कुडकुडत असताना. तेव्हा त्यांच्या हजेरीचा प्रश्न माझ्या टेबलावर होता: चौथ्या सत्रात ७५ टक्के कुठून आणायची? प्राचार्यांच्या अधिकारात सूट मिळाली. तेवढं सोपं निघालं.

सोपं निघालं नाही ते विषयांचं. आमच्या तिसऱ्या सत्रात २२ क्रेडिट: अनिवार्य विषय १४, ऐच्छिक ४, संशोधन प्रकल्प ४. प्रकल्प इथल्याच मार्गदर्शकाकडे ठेवला, त्यामुळे तिकडून १८ आणायचे. डोंबिवलीच्या मुलीने तिकडे घेतले ते विषय असे: सांडपाणी शुद्धीकरण, नदीपात्रांचं पुनरुज्जीवन, पर्यावरणीय सांख्यिकी, हवामान धोरण. आमच्या अनिवार्यात विषशास्त्र आहे. अभ्यासमंडळाच्या अध्यक्ष बाईंनी थेट विचारलं, "विषशास्त्र न शिकता पर्यावरणाची एम.एस्सी.? उद्या कुठल्या कंपनीत हिला क्रोमियमची मर्यादा विचारली तर?" मला राग आला होता, पण प्रश्न बरोबर होता. शेवटी १८ क्रेडिटचा एकगठ्ठा मान्य करायचा आणि विषशास्त्राचे पाच वर्ग एप्रिलमधल्या शनिवारी वेगळे घ्यायचे, असं ठरलं. बाईंनी ते स्वतः घेतले. मानधन न घेता, हे नोंदवून ठेवते.

०.४

लर्निंग अ‍ॅग्रीमेंट नावाचा एक कागद असतो. जाण्याआधी विद्यार्थ्याने तिकडे कोणते विषय घेणार आणि त्याच्या बदल्यात इथले कोणते सुटणार, हे लिहून तिघांच्या सह्या: विद्यार्थी, इथली संस्था, तिकडची संस्था. तिथे गेल्यावर बदल झाला तर दुसरा कागद, परत आल्यावर तिसरा. आमच्याकडे पहिला कागद होता. त्यावर इथली संस्था म्हणून सही माझी.

डोंबिवलीच्या मुलीने पाच विषय घेतले होते, प्रत्येकी सहा, एकूण ३० युरोपीय क्रेडिट. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिचा मेल आला: एका विषयाचे प्राध्यापक संशोधन रजेवर गेलेत, विषय या सत्रात होणार नाही, दुसरा घ्यायचा तर वेळापत्रक आदळतंय, चारच ठेवले तर चालेल का? मी उत्तर दिलं, "काळजी करू नकोस, इकडे सांभाळून घेऊ." मग दिवाळी आली. दिवाळीच्या पाठोपाठ विधानसभेची निवडणूक, २० नोव्हेंबरला मतदान, कॉलेजात मतदान केंद्र, आमच्यातल्या निम्म्यांना इलेक्शन ड्यूटी. तिकडची विषय बदलण्याची मुदत कधी गेली कळलंच नाही. सांभाळून घेऊ हे मी कुणाच्या भरवशावर लिहिलं होतं, ते आज विचारलं तर सांगता यायचं नाही. ही चूक माझी आहे, सॉफ्टवेअरची नाही.

तर तिच्या हाती २४ युरोपीय क्रेडिट. परीक्षा विभागाने हिशोब मांडला: त्यांचं पूर्ण सत्र ३०चं, आपलं २२चं. मग २४ गुणिले २२ भागिले ३०, बरोबर १७.६. हवेत १८. कमी पडले ०.४.

"मॅडम, पॉइंट फोर क्रेडिटचा पेपर कसा काढू?" हे वाक्य आमच्या ओएस साहेबांचं. ओएस म्हणजे ऑफिस सुपरिंटेंडेंट, परीक्षा विभागाचे खरे मालक. बत्तीस वर्षं नोकरी, विरारहून सहा-चोवीसची लोकल. त्यांनी चेष्टा केली नव्हती. सॉफ्टवेअर अपूर्णांक घेत नाही, आणि १८च्या जागी १७ टाकले तर मुलगी सत्रात अपूर्ण राहते.

उलटं पार्लेकरीण. तिचे पाचही विषय झाले, ३० क्रेडिट, हिशोबाने २२. प्रकल्पाचे ४ वेगळे. म्हणजे चार क्रेडिट जास्त, ते ठेवायला जागा नाही. विद्यार्थ्यांचे क्रेडिट साठवणाऱ्या राष्ट्रीय 'क्रेडिट बँके'त ते जमा करावेत म्हटलं, तर आमच्या ऑपरेटरला जी यादी दिसते तिच्यात परदेशी विद्यापीठाचं नावच नव्हतं.

मागचं पान

ट्रान्सक्रिप्ट एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आलं. तोवर दोघींचा तिसऱ्या सत्राचा निकाल "राखीव". चौथ्याचा परीक्षा अर्ज हमीपत्रावर भरून घेतला. मे महिन्यात कॉलेज अर्धं सुट्टीवर, ऑपरेटर कंत्राटी, निकाल लावण्याची घाई. पुढचं वर आलंच आहे.

त्या फोननंतर मी साडेनऊला परीक्षा विभागात पोचले तेव्हा ओएस साहेब ट्रान्सक्रिप्ट हातात धरून बसले होते. डोंबिवलीकरांनी त्यांनाही फोन केला असावा. मी तावातावाने १.७ म्हणजे किती चांगले गुण हे सांगायला लागले. त्यांनी कागद उलटा केला आणि माझ्यापुढे सरकवला. "हे मागच्या पानावर छापलंय की. एक ते दीड अतिउत्तम, एक पॉइंट सहापासून अडीचपर्यंत चांगलं, खाली चारपर्यंत पास. आणि हे खाली बघा, एक क्रेडिट म्हणजे तीस तास. आपल्याला फक्त पुढच्या पानाची झेरॉक्स दिली होती तुमच्या कक्षातून."

ती झेरॉक्स मी काढून घेतली होती. एका बाजूची.

मग ते जे बोलले ते मी दुसऱ्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. "करार झाला तेव्हा आम्हाला बोलावलं होतं मॅडम. खुर्च्या लावायला."

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही दोघं बसलो. आधी गुणांचं. परदेशी गुण जर्मन पद्धतीत बदलण्याचं एक सूत्र तिकडची विद्यापीठं सर्रास वापरतात, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात: सर्वोच्च गुणातून मिळालेला गुण वजा, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण यांतल्या अंतराने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. आपल्या मुलांना तिकडे प्रवेश देताना ते हेच करतात. आम्ही ते उलटं फिरवलं. आमचे सर्वोच्च १०, किमान ४, अंतर ६. म्हणजे जर्मन गुणातून एक वजा करायचा, दुप्पट करायची आणि दहातून घालवायचं. १.३चे ९.४, १.७चे ८.६, २.०चे ८ आणि २.३चे ७.४. तपासायला ४.० घालून पाहिलं, बरोबर ४ आले, काठावर पास. ओएस साहेब म्हणाले, "हे तर दोन ओळींचं आहे. एवढ्यासाठी पोरीच्या बापाला झोप नाही?"

सूत्र निर्दोष आहे असा माझा दावा नाही. तिकडे वरचा गुण सहज मिळत नाही आणि आमच्याकडे नऊची खैरात होते, हे सूत्राला कळत नाही. पण दोन्ही बाजूंना माहीत असलेलं, आधी जाहीर करता येणारं काही तरी हवं होतं आणि ते मिळालं.

मग तासांचं. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याप्रमाणे आपल्याकडे वर्षाला १,२०० तास आणि ४० क्रेडिट, म्हणजे क्रेडिटला ३० तास, त्यात वर्ग, प्रयोग, स्वतःचा अभ्यास सगळं आलं. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट आणि १,५०० ते १,८०० तास, म्हणजे क्रेडिटला २५ ते ३०. या विद्यापीठाने ३० छापलेलेच होते. डोंबिवलीच्या मुलीचे २४ क्रेडिट म्हणजे ७२० तास. आमचं अख्खं सत्र, प्रकल्प धरून, २२ गुणिले ३०, ६६० तासांचं. जिला आम्ही ०.४ने कमी ठरवत होतो तिने आमच्या पूर्ण सत्रापेक्षा ६० तास जास्त काम केलं होतं.

परीक्षा नियंत्रक सरांना हे लगेच पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की सत्राला सत्र हीच खरी तुलना, तास कुणी मोजलेत? युरोपातली मुलंही कागदावरचे तास करत नाहीत आणि आपलीही नाहीत. यातही तथ्य आहे. प्रमाणाने जावं की तासांनी, यावर दोन बैठका झाल्या. दुसरीत ओएस साहेबांनी मुद्दा मांडला की प्रमाणाचा नियम लावला तर यापुढे प्रत्येक मुलाचा हिशोब अपूर्णांकात येईल आणि दर वेळी विद्वत परिषदेपुढे जावं लागेल. तासांनी धरलं तर एकास एक, खाली शिल्लक शून्य. तत्त्वाचा वाद व्यवहाराने मिटला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात विद्वत परिषदेचा ठराव झाला: तीस तासांचं एक युरोपीय क्रेडिट म्हणजे आमचं एक, गुणांना वरचं सूत्र, आणि जास्तीचे क्रेडिट गुणपत्रिकेत शेऱ्याच्या रकान्यात नाव घालून दाखवायचे, बेरजेत धरायचे नाहीत. पार्लेकरणीच्या वाट्याला तो शेरा आला. तिला तो आवडला नाही.

सुधारित गुणपत्रिका ऑगस्टात हातात पडल्या. डोंबिवलीच्या मुलीला ठाण्याच्या एका सल्लागार कंपनीत नोकरी ठरली होती, ३० जूनपर्यंत अंतिम गुणपत्रिका हवी होती. प्राचार्यांच्या पत्रावर त्यांनी थांबायचं कबूल केलं, दीड महिना पगार मात्र बुडाला. तिच्या वडिलांनी मला पेढे आणून दिले आणि ओएस साहेबांनाही. माझा पुडा लहान होता.

तिकडून आलेला एक

करारात दोघे येणार होते, आला एकच. जुलै २०२४, ऐन पावसात. आमचं वसतिगृह नाही. माटुंग्यात एका काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून सोय केली. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत त्याच्या नोंदीचा सी-फॉर्म ऑनलाइन भरायचा, असा तेव्हा नियम होता. काकूंनी हे नाव प्रथमच ऐकलं, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी "पोलिसांचं लफडं नको" म्हणून दोन दिवस त्याला गेटवर अडवलं. फॉर्म आम्ही कॉलेजातून भरून दिला. मग तेच सेक्रेटरी गणपतीत त्याला आरतीला उभं करत होते.

त्याला सगळ्यात न उमगलेली गोष्ट म्हणजे हजेरी. "मी आजारी नव्हतो, वाचनालयात होतो, तरी गैरहजर?" यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. निवडणुकीमुळे परीक्षा पुढे गेली आणि त्याचं विमान आधीचं, म्हणून त्याची परीक्षा वेगळी घेतली. खरी गंमत पुढे. त्याच्या हातात आम्ही आमची नेहमीची गुणपत्रिका दिली. त्याच्या विद्यापीठाने मेलवर विचारलं: एका क्रेडिटला तास किती? ८ हा गुण कितीपैकी, आणि पास कितीला? आमच्या कागदाच्या मागच्या पानावर काहीच छापलेलं नव्हतं. त्यांना उत्तर द्यायला आम्हाला तीन महिने लागले.

आता छापतो. तेही पान ओएस साहेबांनीच तयार केलं.

दोन गेले, एक आला, त्यामुळे तिकडच्या कार्यालयाच्या वहीत आमच्या नावावर एक जागा उधार आहे. ही उधारी वाढली की ते आमच्या जागा कमी करू शकतात, तसं त्यांनी सौम्य शब्दांत कळवलंय. इथे राहायची सोय होत नाही तोवर मुलं येणार नाहीत, आणि मुंबईत राहायची सोय आमच्याच बाहेरगावच्या पोरांची होत नाही. परळच्या मुलासारख्यांसाठी इरॅस्मसच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तिकडचं विद्यापीठ करू शकतं, आपण थेट नाही. त्यांना विनंती पाठवली आहे. तो मुलगा आता एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासतो.

पुढच्या तुकडीचं लर्निंग अ‍ॅग्रीमेंट आता आधी परीक्षा विभागात जातं, मग माझ्याकडे. गेल्या सप्टेंबरात ओएस साहेबांचा फोन आला. लोकलमध्ये होते, मागे गाडीचा खडखडाट.

"मॅडम, या नव्या पोराने जर्मन भाषेचा एक कोर्स लावलाय, सहा क्रेडिटचा. त्याच्यापुढे गुणच मिळत नाहीत म्हणे, नुसतं 'बेश्टांडन' लिहून येतं. म्हणजे पास ना?"

"हो, पास."

"पासच. पण ग्रेड पॉइंट काय टाकू?"

पोरगा निघायला तेरा दिवस होते. मी म्हटलं, उद्या सकाळी बसू.